खळ

बाटल्या काळ्या पिशवीतून येतात,
वर्तमानपत्रात, पदराखाली,
एकदा तर जेवणाच्या डब्यात आली.
देताना कुणी डोळ्यांत बघत नाही.
मी नाव विचारते, वय विचारते, पट्टी चिकटवते.
सोलापुरात मे महिन्यात सगळंच कोमट असतं,
पण ही ऊब वेगळी.

आज अंबादास कुरापाटी. वय एक्केचाळीस.
साखर पेठेत चार माग एकटा बघतो.
बाटलीशेजारी त्यानं काडेपेटी ठेवली:
"चहाच्या गाळणीत घावला, मॅडम.
तीन दिवस गाळत होतो."
आत कापसावर बाजरीएवढा खडा,
खारकेच्या बीच्या रंगाचा, काटेरी.
"ह्यानं मला फरशीवर लोळवला.
माग चालूच होते,
ओरडलो ते कुणाला ऐकूच गेलं नाही."

"पाणी किती पिता?"
"नळाला पाचव्या दिवशी येतं." हसला.
"अन् प्यायला उठलो की मागं धागा तुटतो."

काचेवर थेंब. थेंबावर काच.
दिसतात पाकिटं,
चौकोनी, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघा मारलेली,
पत्ता नसलेली बंद पाकिटं,
कॅल्शियमनं ऑक्झलेटला धाडलेली.
युरिक आम्लाचे पिवळे खडे तसे मऊ स्वभावाचे,
आंबटपणा उतरवला की हळूहळू विरघळतात.
हे नाही विरघळत.
ना नवसानं, ना पानाच्या रसानं.

शिकत होते तेव्हा एक कोडं सुटायचं नाही:
क्षार तर जवळपास सगळ्यांच्याच लघवीत
मावेल त्याहून जास्त,
मग सगळ्यांनाच मुतखडा का नाही?

उत्तर वडिलांच्या कढईत होतं.
वडील सायझिंगला होते. खळ शिजवायचे.
ताण्याचे धागे त्यातून बुडून, वाळून निघायचे,
अंगावर दिसेल न दिसेल असं कवच घेऊन.
खळ नसली की धागा धाग्याला बिलगतो,
पिंजतो, माग थांबतो.
"कापड धुतलं की खळ जाते," म्हणायचे,
"तिचं नाव चादरीवर कुणी लिहीत नाही."

मूत्रपिंडही खळ शिजवतं.
एक प्रथिन, रात्रंदिवस, कुणी न सांगता.
स्फटिकाच्या अंगाला ते माखतं
आणि शेजारच्याला चिकटू देत नाही.
सायट्रेट त्याच्याही आधी कॅल्शियमचा हात धरून ठेवतं,
गड्ड्याच्या जत्रेत पोराचा धरावा तसा.
मॅग्नेशियम ऑक्झलेटला
बोलण्यात गुंतवून ठेवतं.
आणि हे सगळे राखणदार
आपण नाक दाबून ओतून देतो.

पण पाणी आटलं,
की खळीच्या गुठळ्या होतात.
जी सोडवायची तीच चिकटवू लागते.
वडिलांच्या कढईतही असंच व्हायचं,
मग मालकाच्या शिव्या.

अहवालात खळीला रकाना नाही.
मी लिहिते: स्फटिक, भरपूर.
आणि लिहायचं नसतं ते सांगते,
लिंबू पिळून पाणी, घोट घोट, दिवसभर.
आत असलेला विरघळणार नाही,
पुढचा कदाचित जमणार नाही.
"अन् पाचव्या दिवसाचं?"
त्यालाही रकाना नाही.

तपासायला चिमूटभर खरवडून घेते.
उरलेला तो परत मागतो:
"शेडमध्ये दाखवायचाय.
एवढ्याशानं माणूस एवढा ओरडतो,
कुणी खरं मानत नाही."
काडेपेटी वरच्या खिशात, छातीशी.

शेवटची बाटली विडी घरकुलातली,
राजव्वा चिप्पा, वय अठ्ठावन्न.
उजेड कमी करते. मैदान मोकळं.
मधोमध एकच दोरा, काचेहून फिका,
आतल्या बारीक नळीत विणलेला,
नळीचाच आकार घेऊन वाहत आलेला.
त्याच प्रथिनाचा.

लिहायचं असतं: विशेष काही नाही.
लिहिते.
काच मात्र लगेच धूत नाही.